होस्टेलच्या नेटचे पैसे घेणारं विद्यापीठ नेट विकतंय का? स्वतः तपासायची पद्धत

फीच्या पावतीवर 'नेटवर्क चार्जेस' नाहीतर 'इंटरनेट सुविधा शुल्क' अशी ओळ दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, हे लोक बाहेरून नेट घेतात आणि आम्हाला पैसे लावून देतात म्हणजे नेट विकतातच ना, मग यांच्याकडे लायसन्स आहे का, आयएसपीचे, म्हणजे इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांचे, नियम यांना का नाहीत. मी बरीच वर्षं कॅम्पस नेटवर्कच्या बाजूला काम केलंय आणि हा प्रश्न दोन्हीकडून ऐकलाय, विद्यार्थी चिडून विचारतात आणि अकाउंट्सवाले घाबरून विचारतात. दोघांनाही माझं उत्तर एकच, नुसते पैसे घेतले म्हणून कोणी रिसेलर, म्हणजे घेतलेली सेवा पुढे विकणारा, होत नाही आणि फुकट दिलं म्हणून कोणी आपोआप सुटत पण नाही. दार कोणाला उघडं आहे आणि पैसे नेमके कशाचे घेतले जातायत, यावर सगळं ठरतं. ते घरबसल्या बऱ्यापैकी तपासता येतं, पावती, करारातली दोनचार कलमं आणि एक लॅपटॉप एवढं हाताशी असलं की झालं.

आधी शब्द नीट समजून घ्या

रिसेल हा शब्द इंटरनेटच्या आधीचा, टेलिफोन लाइनींच्या काळातला आहे. अमेरिकेत फोन कंपन्यांच्या दरपत्रकातच लिहिलेलं असायचं की आमची लाइन घेऊन पुढे कोणाला विकायची नाही आणि चारजणांत वाटून पण घ्यायची नाही. १९७६ साली तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, प्रायव्हेट लाइनींवरची, म्हणजे एकाच गिऱ्हाइकासाठी भाड्याने दिलेल्या लाइनींवरची, ही बंदी उठवली आणि ते करताना दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या. एक म्हणजे रिसेल, लाइन घ्यायची आणि नफ्यासाठी लोकांना परत विकायची. दुसरी शेअरिंग, म्हणजे नफा न ठेवता काही वापरणाऱ्यांनी मिळून लाइन घ्यायची आणि ज्याने जेवढी वापरली तेवढा खर्च त्याने उचलायचा. पन्नास वर्षं होत आली तरी विद्यापीठाच्या नेटच्या भांडणात हाच फरक सगळ्यात जास्त उपयोगी पडतो असं माझं मत आहे, कारण जवळपास प्रत्येक कॅम्पस म्हणतो की आमचं शेअरिंग आहे आणि जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला वाटतं की हे रिसेल आहे.

त्याच वर्षी तिथल्या एका फेडरल अपील कोर्टाने कॉमन कॅरियर, म्हणजे सगळ्यांना सेवा देणारी फोन कंपनीसारखी संस्था, कोण याची कसोटी पण सांगितली होती, जो येईल त्याला भेदभाव न करता सेवा द्यायची तयारी जो दाखवतो तो कॅरियर. आता विद्यापीठ बघा, ते येईल त्याला नेट देत नाही, ॲडमिशन घेतलेल्याला देतं. सुरुवातच अशी असल्यामुळे विद्यापीठाची बाजू आधीपासून थोडी जड असते हे मान्य करूनच पुढे जायचं, नाहीतर पहिल्याच मीटिंगमध्ये तुम्हाला गप्प करतील.

पावती वाचायची ती अशी

फी सगळ्यांना सरसकट आहे की मागेल त्याला, हे बघा. लायब्ररी, लॅब, जिम यांच्यासारखी प्रत्येकाच्या फीमध्ये घातलेली रक्कम असेल तर तो सुविधेचा खर्च वाटून घेणं झालं. पण त्यात प्लॅन असतील, म्हणजे बेसिक इतक्या स्पीडचा, प्रीमियम तितक्या स्पीडचा, डेटा संपला की टॉप-अप, तिसरा डिव्हाइस लावायचा तर वेगळे पैसे, तर मात्र ते दुकानासारखं दिसायला लागतं आणि असं दिसणं कायद्याच्या नजरेतही महत्त्वाचं ठरू शकतं, कारण खर्च वाटून घेणाऱ्याला जास्त स्पीडचा जास्त दर लावायचा तर त्यामागे खरोखर जास्त खर्च दाखवता आला पाहिजे.

मग पैसे कोणाच्या नावाने जमा होतात ते बघा, याकडे लोकांचं लक्षच जात नाही. बऱ्याच होस्टेलात नेट विद्यापीठ देतच नाही, एक बाहेरची कंपनी येऊन वायफाय बसवते आणि तिच्या लॉगिन पेजवर तुम्ही ज्या अटींना 'ॲग्री' करता त्या त्या कंपनीच्या असतात. तसं असेल तर विद्यापीठ रिसेलर आहे का हा प्रश्नच चुकीचा, विकणारी ती कंपनी आहे, आयएसपीला लागू असणारे नियम तिने पाळायचे आणि विद्यापीठ फक्त जागामालक. अशा वेळी शोधायचं ते कमिशन, म्हणजे कंपनी दर विद्यार्थ्यामागे विद्यापीठाला काही परत देते का, आणि त्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाचं कनेक्शन घ्यायला मनाई आहे का. या दोन्ही गोष्टी करारात असतात, पावतीवर कधीच नसतात.

लॉगिन पेजचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा. अटी बदलतात आणि जुन्या कुठेच सापडत नाहीत.

दार कोणाला उघडं आहे

खरं रिसेलिंग जर कॅम्पसवर होत असेल तर ते विद्यार्थ्यांच्या फीमध्ये क्वचित असतं, ते असतं कडेकडेला. कॅम्पसच्या आत बँकेची शाखा असते, कँटीनवाला ठेकेदार असतो, झेरॉक्सचं दुकान असतं, इन्क्युबेशन सेंटरमधल्या स्टार्टअप असतात, स्टाफ क्वार्टर्समधली कुटुंबं असतात, उन्हाळ्यात होस्टेल रिकामं असताना कॉन्फरन्सला आलेले पाहुणे असतात, कधी कधी तर माजी विद्यार्थ्यांना पण वर्गणी घेऊन अकाउंट दिलेलं असतं. यातल्या प्रत्येकाला नेट कोण देतं, कशाच्या बदल्यात देतं आणि दर कोणी ठरवला, याची एक साधी यादी करा. भाड्याच्या जागेतल्या स्टार्टअपला दरमहा बिल लावून विद्यापीठाच्या लिंकवर बसवलं असेल तर ती स्टार्टअप विद्यार्थी पण नाही आणि कर्मचारी पण नाही, ती गिऱ्हाईक आहे. विद्यार्थ्यांची फी कितीही योग्य असली तरी या एका कनेक्शनमुळे सगळं नेटवर्क वेगळ्या नजरेने बघितलं जाऊ शकतं, म्हणून नेटवर्क टीममधल्या लोकांना मी हेच सांगतो की आधी ही यादी साफ करा, भाडेकरूंना त्यांचं त्यांचं कनेक्शन घ्यायला सांगा, निदान वेगळ्या लिंकवर वेगळ्या हिशोबात ठेवा.

आतले आणि बाहेरचे हा फरक टॅक्सवाले पण करतात. अमेरिकेच्या इन्कम टॅक्स कायद्यात, कलम ५१३ मध्ये, ना-नफा संस्थेने आपले सभासद, विद्यार्थी, पेशंट, कर्मचारी यांच्या सोयीसाठी चालवलेला धंदा हा 'असंबंधित धंदा', म्हणजे ज्याच्या कमाईवर टॅक्स लागतो तसला धंदा, धरत नाहीत. विद्यार्थ्याला नेट दिलं तर ही सूट सांगता येते, शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाला दिलं तर या सोयीच्या नावाखाली ते बसवता येत नाही.

युरोपात ओपन इंटरनेटचा, म्हणजे सगळ्या ट्रॅफिकला सारखं वागवायचा, नियम ३० एप्रिल २०१६ पासून लागू आहे आणि तो फक्त 'पब्लिकला' सेवा देणाऱ्यांना लागतो. तिथल्या नियामकांच्या बेरेक या संस्थेने गाइडलाइन्समध्ये कॅफे आणि रेस्टॉरंटचं वायफाय आणि कंपन्यांची अंतर्गत नेटवर्क ही बाहेर राहू शकतात अशी उदाहरणं दिलीयत, अर्थात प्रत्येक केस वेगळी तपासून. विद्यापीठाचं नेटवर्क या उदाहरणांच्या जवळ जातं, पण ते जातं ते मर्यादित लोकांपुरतं आहे म्हणून, शिक्षणसंस्था आहे म्हणून नाही. त्यामुळे दार रुंद केलंत की तो आधार सुटला.

वरून येणाऱ्या लिंकचा करार

विद्यापीठ ज्याच्याकडून नेट घेतं त्याच्या करारात एक कलम हमखास असतं, ही सेवा पुढे विकायची नाही, पोटभाड्याने द्यायची नाही, तिसऱ्याला द्यायची असेल तर लेखी परवानगी. सरकारी कायदा काय म्हणतो त्याच्या आधी हे कलम बघा, कारण कायद्याने रिसेलर ठरला नाहीत तरी या कलमाने करार मोडलेला ठरू शकतो. मागताना 'तुमचा करार दाखवा' असं म्हटलं की गोपनीय म्हणून नकार येतो, त्यापेक्षा असं विचारा की करारात 'अधिकृत वापरकर्ता' याची व्याख्या काय आहे, तेवढी दोन वाक्यं पाठवा. होस्टेलमधला विद्यार्थी त्याच्या खोलीत रात्री सिनेमा बघत असताना त्या व्याख्येत बसतो का, एवढंच आपल्याला हवंय.

संशोधन नेटवर्कवरून येणारी लिंक असेल तर अजून बारकाईने बघावं लागतं. ही जुनी गोष्ट आहे, अमेरिकेतलं एनएसएफनेट हे संशोधनाचं सरकारी नेटवर्क १९८६ साली ५६ केबीपीएसच्या लिंकांवर सुरू झालं, सरकारी पैशावर होतं म्हणून त्याचं वापर-धोरण संशोधन आणि शिक्षणापुरतं होतं, धंद्याची ट्रॅफिक त्या बॅकबोनवर, म्हणजे मुख्य लाइनीवर, चालायची नाही. एप्रिल १९९५ मध्ये तो बॅकबोन बंद झाला आणि काम खाजगी कंपन्यांकडे गेलं. पण ती सवय शैक्षणिक नेटवर्कांत राहिली, ब्रिटनमध्ये १९८४ पासून चालू असलेलं जॅनेट घ्या किंवा दुसरं कुठलं राष्ट्रीय संशोधन नेटवर्क घ्या, कोणाला जोडता येईल आणि कशासाठी वापरता येईल याचं लेखी धोरण असतं आणि ते सहसा सगळ्यांना वाचता येईल असं ठेवलेलं असतं. ते शोधा आणि त्यात भाडेकरू, पाहुणे, निवासी विद्यार्थी यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. पुष्कळ विद्यापीठं म्हणूनच दोन लिंक ठेवतात, एक संशोधन नेटवर्कची आणि एक साध्या कमर्शियल आयएसपीची, आणि होस्टेल दुसरीवर टाकतात. हे चांगलं लक्षण समजा, कोणीतरी विचार केलेला आहे.

लॅपटॉपवरून काय कळतं

कॅम्पसच्या वायफायवर असताना आपला बाहेरचा आयपी पत्ता दाखवणारी कुठलीही साइट उघडा, तो पत्ता कॉपी करा आणि व्हूइजमध्ये, म्हणजे पत्ता कोणाच्या नावावर आहे ते सांगणाऱ्या सेवेत, टाका. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये दिसणारा १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता यासाठी बिनकामाचा आहे, तो सगळीकडे तसाच असतो. व्हूइजमध्ये संस्थेचं नाव येतं. तिथे विद्यापीठाचं नाव असेल तर पत्ते विद्यापीठाच्या नावावर आहेत, राष्ट्रीय संशोधन नेटवर्कचं असेल तर ट्रॅफिक तिकडून जातेय म्हणजे त्यांचं धोरण वाचायचं, होस्टेल वायफाय चालवणाऱ्या कंपनीचं असेल तर वर म्हटल्याप्रमाणे विकणारी ती कंपनी, आणि साध्या आयएसपीचं नाव आलं तर बहुतेक विद्यापीठ हे त्या आयएसपीचं एक मोठं गिऱ्हाईक आहे आणि तुम्ही त्या गिऱ्हाइकाच्या घरात बसून नेट वापरताय.

मग ट्रेसराऊट चालवा, ही ट्रॅफिक कुठून कुठून जाते ते दाखवणारी कमांड, विंडोजवर तिला ट्रेसर्ट म्हणतात. पहिले काही हॉप, म्हणजे वाटेतले टप्पे, कॅम्पसचे असतील, त्यानंतर ज्याच्या नावाचा राऊटर येतो तो वरचा प्रोव्हायडर. मधे १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला तर तो पट्टा २०१२ साली आयएसपींनी एका पब्लिक पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवायची म्हणून राखून ठेवलेला आहे, पण काही कॅम्पस पण तो वापरतात, तेव्हा त्यावरून एकदम निष्कर्ष काढू नका. हेच लॅबमधून, होस्टेलमधून आणि जमलं तर कॅम्पसमधल्या भाडेकरूच्या ऑफिसातून करून बघा, तिन्हीकडे वेगळी उत्तरं आली तर नेटवर्क वेगवेगळं ठेवलंय हे तुम्हाला कोणाला न विचारता कळलं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. विद्यापीठाकडे स्वतःचा एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवरचा नेटवर्कचा ओळख क्रमांक, आहे, स्वतःचे आयपी ब्लॉक, म्हणजे पत्त्यांचे गठ्ठे, आहेत, बीजीपी, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत, चालवतात, म्हणजे ते आयएसपी झाले असं नाही. एमआयटीकडे एएस नंबर ३ आहे आणि १८ ने सुरू होणारा अख्खा पत्त्यांचा ब्लॉक वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होता, २०१७ मध्ये त्यातला मोठा भाग त्यांनी विकला. पत्ते किती आहेत त्यावरून संस्था किती आधी इंटरनेटवर आली ते कळतं, ती कोणाला काय विकते ते कळत नाही.

पैशाचा हिशोब

इथे थोडा वेळ घालवा, कारण शेअरिंग की रिसेल हे शेवटी हिशोबातच दिसतं. मोठ्या लिंकचं बिल बऱ्याचदा '९५ पर्सेंटाइल' पद्धतीने येतं. दर पाच मिनिटांनी ट्रॅफिकचं रीडिंग घेतात, ३० दिवसांच्या महिन्यात अशी ८६४० रीडिंग होतात, ती उतरत्या क्रमाने लावून वरची ५ टक्के, म्हणजे ४३२, सोडून देतात आणि उरलेल्यातलं सगळ्यात मोठं रीडिंग बिलाला धरतात. ४३२ रीडिंग म्हणजे ३६ तास, म्हणजे महिन्यात एकूण ३६ तास कितीही धुमाकूळ घातला तरी बिल वाढत नाही, पण रोज रात्री चार तास होस्टेल फुल असेल तर तेच रात्रीचं रीडिंग बिल ठरवतं. समजा ५००० विद्यार्थी आहेत आणि रात्रीच्या गर्दीत सरासरी प्रत्येकी २ एमबीपीएस चाललंय, तर लिंक १० जीबीपीएसची लागली. त्या लिंकचं महिन्याचं बिल भागिले ५०००, हा झाला बाहेरच्या नेटचा दरडोई खर्च, आणि तो काढला की बहुतेकांना आश्चर्य वाटतं कारण फीच्या मानाने तो लहान निघतो.

यावर लगेच चोर चोर म्हणून ओरडू नका. कॅम्पस नेटवर्कमध्ये बाहेरची लिंक हा खर्चाचा एक तुकडा असतो, बाकी ॲक्सेस पॉइंट, स्विच, फायबर, फायरवॉलचं लायसन्स, यूपीएस, लॉग साठवायचे सर्व्हर आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारी माणसं. हार्डवेअर पाचसात वर्षांनी बदलावं लागतं, त्यासाठी दरवर्षी बाजूला टाकलेली रक्कम हा खराच खर्च आहे. म्हणून एका वर्षाचा आकडा मागू नका, तीन वर्षांचा मागा, फी किती जमली, नेटवर्कवर किती खर्च झाली, शिल्लक कुठे गेली. शिल्लक नेटवर्कच्या बदली-निधीत राहत असेल तर वाद नाही. दरवर्षी उरतेय आणि जनरल फंडात जातेय असं दिसलं, तर त्याला खर्च वाटून घेणं म्हणता येत नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात जास्त खटकतं, कारण होस्टेलमधल्या मुलाला दुसरा पर्याय नसतो, बाहेरचं कनेक्शन खोलीत घेता येत नाही आणि असाइनमेंट तर नेटवरूनच जमा करायची असते.

रिसेलर ठरलं तर फरक काय पडतो

एकच शिक्का सगळीकडे चालत नाही, प्रत्येक कायदा आपली आपली व्याख्या घेऊन येतो. अमेरिकेतली उदाहरणं देतो कारण तिथे हे सगळं लढून झालंय. पोलिसांना कायदेशीर टॅपिंग करता यावं म्हणून नेटवर्क तसं बांधायची सक्ती करणारा कलिया कायदा १९९४ चा, त्यात प्रायव्हेट नेटवर्कना सूट आहे. २००५ मध्ये एफसीसीने तो ब्रॉडबँड प्रोव्हायडरना लावला, विद्यापीठांच्या वतीने अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन कोर्टात गेली, जून २००६ मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल एफसीसीच्या बाजूने लागला, पण प्रायव्हेट नेटवर्कची सूट राहिली. भांडण उरलं ते गेटवर, म्हणजे कॅम्पसच्या आतलं नेटवर्क प्रायव्हेट, पण त्याला पब्लिक इंटरनेटशी जोडणारी सोय ज्याची त्याच्यावर जबाबदारी, आणि १४ मे २००७ ही मुदत होती. त्यामुळे जोडणारी लिंक कोणाच्या मालकीची हा प्रश्न फीपेक्षा मोठा ठरला.

कॉपीराइटचं उलटं आहे. १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकन कॉपीराइट कायद्यामध्ये सर्व्हिस प्रोव्हायडरची व्याख्या इतकी रुंद आहे की विद्यापीठ पैसे घेवो न घेवो त्यात बसतं, शिवाय कलम ५१२ मध्ये ना-नफा उच्चशिक्षण संस्थांसाठी वेगळी तरतूद आहे, ठरावीक अटी पाळल्या तर प्राध्यापक किंवा संशोधक विद्यार्थ्याची चूक संस्थेवर येत नाही. म्हणजे एकाच दिवशी एकच कॅम्पस टॅपिंगसाठी प्रायव्हेट नेटवर्क आणि कॉपीराइटसाठी प्रोव्हायडर असू शकतो आणि त्यात विसंगती काही नाही. नेट न्यूट्रॅलिटीत, म्हणजे वर आलेल्या ओपन इंटरनेटच्याच विषयात, तर २०१० च्या एफसीसी आदेशाने कॉफी शॉप, पुस्तकांची दुकानं, विमान कंपन्या अशा 'जागा चालवणाऱ्यांना' बाहेरच ठेवलं होतं.

भारतात डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या योजनेने लहान दुकानदाराला पण वायफाय विकायची वाट दिली, पब्लिक डेटा ऑफिसला, म्हणजे असं वायफाय देणाऱ्या दुकानाला, लायसन्स लागत नाही आणि रजिस्ट्रेशन पण नाही, मात्र ते रजिस्टर झालेल्या ॲग्रिगेटरमार्फत, म्हणजे अशी अनेक दुकानं एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीमार्फत, चालतं. आपल्या देशाचा नियम शोधताना म्हणून 'विद्यापीठ' हा शब्द शोधत बसू नका, 'पब्लिकला सेवा', 'प्रायव्हेट किंवा कॅप्टिव्ह नेटवर्क' (फक्त स्वतःच्या वापरासाठीचं) आणि 'पुनर्विक्री' या तीन व्याख्या शोधा, उत्तर तिथे असतं.

पत्र कसं लिहायचं

'तुम्ही बेकायदा आयएसपी आहात' असं लिहिलंत की पत्र लीगलकडे जातं आणि महिनोन्‌महिने उत्तर येत नाही, मी असली पत्रं पडून राहिलेली बघितलीयत. विद्यार्थी प्रतिनिधीच्या सहीने, नेटवर्क विभाग आणि वित्त विभाग दोघांना, एवढंच लिहा:

'नेटवर्क शुल्काच्या गेल्या तीन वर्षांच्या जमा, खर्च आणि शिल्लक यांचा तपशील मिळावा. होस्टेलची इंटरनेट सेवा विद्यापीठ स्वतः देतं की बाहेरची कंपनी, आणि कंपनी असल्यास विद्यापीठाला काही मोबदला मिळतो का, हे कळवावं. वरच्या प्रोव्हायडरच्या करारातली अधिकृत वापरकर्त्याची व्याख्या मिळावी. विद्यार्थी आणि कर्मचारी सोडून आणखी कोणाला या नेटवर्कवर सेवा दिली जाते आणि कोणत्या दराने, हे कळवावं. शुल्काबाबत किंवा सेवेबाबत तक्रार कोणाकडे करायची आणि उत्तराची मुदत काय, हे लेखी द्यावं.'

सोबत व्हूइज आणि ट्रेसराऊटचे स्क्रीनशॉट जोडा, त्यावर तारीख आणि कुठून काढले ते लिहा. सार्वजनिक विद्यापीठ असेल आणि तुमच्याकडे माहिती अधिकाराचा कायदा असेल तर हेच मुद्दे त्या अर्जात जसेच्या तसे घाला, प्रत्येक मुद्दा वेगळ्या क्रमांकाने, कारण एकात दोन प्रश्न घातले की सोप्याचं उत्तर येतं आणि अवघड राहून जातं.